दोन पायांचं जनावर

तळोजा एमआयडीसीत, शेवटच्या शेडमध्ये
आम्ही खुबे मारतो.
प्रस्तावात असं लिहीत नाही अर्थात.
तिथे असतं: मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित करणे.

आधी ससे होते, चोवीस,
स्टेरॉइडच्या सुया टोचलेले.
त्यांची हाडं मेली, गुपचूप.
काचपट्टीवर पेशींची रिकामी घरं,
न विकल्या गेलेल्या टॉवरसारखी:
खोल्या सगळ्या, दिवा एकीतही नाही.
पण डोकं काही खचेना.
चार पायांत वजन वाटून घेतो ससा.
मग मेंढ्या.
मेंढ्यांनी तीन पायांवर भागवलं.

खचायला दोनच पाय लागतात.
म्हणून एमू.
शहापूरकडच्या बंद पडलेल्या फार्मवरून
टेम्पोत उभे राहून आलेले सहा पक्षी,
माना ताडपत्रीबाहेर,
टोलनाक्यावर लोकांनी फोटो काढले.

हिराजी घरत त्यांना मका घालतो, पालक चिरून घालतो.
मला "बाय" म्हणतो.
सात नंबरच्या एमूलाही "बाय"च.
हाक आली की आम्ही दोघी वळून बघतो.

सात नंबरचा डावा खुबा मी गोठवला,
द्रव नायट्रोजनने, बेतून, घड्याळ लावून.
शुद्धीवर आली आणि लगेच उभी राहिली.
एमूला आजारी पडून राहणं जमत नाही,
बसला की पाय सुन्न, पाय सुन्न की पक्षी गेला.
हिराजीने तिला दोन रात्री छातीशी धरून उभं ठेवलं.
शर्टाला अजून पिसं चिकटतात, म्हणाला.

त्याचा स्वतःचाही डावाच.
कोविडमध्ये एकवीस दिवस आत होता,
सलाइनमधून जे दिलं त्यानेच तो जगला,
हे तो कधी विसरत नाही, आणि
पेंधर स्टेशनचा जिना आता एकेक पायरी उतरतो,
लिफ्ट चालू असली तरी.

परवा त्याने एमआरआय आणला, मोठ्या पिवळ्या पाकिटात.
मी खिडकीशी धरला.
शिकवायच्या सवयीने बोलू लागले:
ही धमनी, ही तिची बारीक फांदी, इथे अडलं...
तो फिल्मकडे बघत राहिला.
"खाजन हाय हे," म्हणाला.
"आमचं होतं ना, आता जिथं तुमचा पार्किंग.
बांधाला येकच उघाडी. भरतीचा पानी तिथूनच आत.
ती बुजली.
वरून पयल्या वर्षी कायच कलत नाय.
जमीन दिसते जमिनीसारखीच.
मंग येक दिवस पाय ठेवलास,
का खाली पोकल."

माझ्या पीएचडीत हे एकोणीस पानं आहे.

सात नंबर लंगडू लागली तेव्हा
मी चालीचे गुण टिपत होते, शून्य ते चार.
सीसीटीव्हीत ती गोल फिरत होती कुंपणाकडेने,
मागे हिराजी, हातात पालकाची जुडी,
दोघे एकाच पावलाला एकाच बाजूला झुकत.
तिला दोन दिले.
मग समासात, पेन्सिलीने, आणखी एक आकडा लिहिला.
खोडला.
कागदावर दाब राहतो.

एक्स-रेत गोळ्याच्या कडेखाली
बारीक काळी रेघ आली, वाकलेली.
पुस्तकात तिला चंद्रकोर म्हणतात.
आम्ही सहा महिने तिचीच वाट बघत होतो,
दिसली तेव्हा सरांनी पेढे मागवले.
हिराजीने एक खाल्ला, एक रुमालात बांधला.

गुरुवारी सात नंबरचा शेवट.
डावं हाड करवतीखाली जाईल,
उजवं तुलनेसाठी.
सुट्टी घे, मी म्हटलं.
तो आला. तिची मान धरली,
माझी सुई जाईपर्यंत
तिच्याशी काहीतरी बोलत राहिला, आगरीत,
माझ्यासाठी नसलेलं.

हात धुताना विचारलं त्याने,
नळाकडे बघत,
"गोठवल्यापासून लंगडेपर्यंत हिला किती आठवडे लागले, बाय?"
अकरा, मी म्हटलं.
"आनि लंगडल्यापासून खचेपर्यंत?"
वही आत टेबलावर होती.
मला आकडा पाठ होता.
बघून सांगते, म्हटलं.

तो ओल्या बोटांच्या पेरांवर मोजत उभा राहिला,
करंगळीपासून अंगठ्यापर्यंत,
पेरं संपली,
पुन्हा करंगळी.